ओटा रिकामा

(नगरच्या जुन्या पेठेतला तांबट बोळ. तांबट कधीच गेले, नाव तेवढं मागे राहिलं. दुपारचे सव्वाचार. एका दगडी ओट्यावर विमलबाई शिलाई मशीन पुढे घेऊन बसली आहे, पण सकाळपासून मशीनला तिचा पाय लागलेला नाही. घराच्या मालकीणबाई, निवृत्त शिक्षिका इंदू धर्माधिकारी, हातात झेरॉक्सचा कागद घेऊन उंबऱ्याच्या आतच उभ्या आहेत.)

विमलबाई: अजून एकदा वाचा बाई. एखादी वळ सुटली आसंल.

इंदू: तीनदा वाचलं विमल. चष्मा परवाच बदललाय. नाव असतं तर दिसलं असतं.

विमलबाई: अठ्ठावीसला कोन म्हनलात?

इंदू: मोबाईलची कव्हरं विकणारा.

विमलबाई: तो दिवाळीत आलाय! मी हितं एकतीस वर्सं बसती. आन एकोनतीस?

इंदू: गहिनीनाथ, किल्ल्या करणारा. तीस, झुंबरबाई गजरेवाली. मग आपला बोळ संपला. पुढं कापड बाजाराची यादी सुरू होते.

विमलबाई: झुंबरबाई मंगळवार-शुक्रवार दोन तास टोपली घिऊन येती. तिची नोंद हाय. माजी न्हाई.

इंदू: हळू बोल गं.

विमलबाई: याच्याहून हळू कसं बोलू? चौकात तो जेसीबी बघितला का तुमी? बोळात शिरंल असा बारका आनलाय, मुद्दाम. डायवर चहा पितुय आन लोकं त्याला इचारत्यात, कवा हो, कवा? तो म्हनतो, सोमवारी.

इंदू: मी कशाला बघायला जाऊ? मला घरात बसून ऐकू येतोय तो.

विमलबाई: बंद उभा हाय की.

इंदू: तरी ऐकू येतोय.

विमलबाई: आसं नका बोलू. मला धीर द्यायचा का घालवायचा?

इंदू: माझ्याकडे असला तर देईन ना. पहाटे दूध उतू गेलं, तरी मी समोर उभी राहून बघत होते.

विमलबाई: ऐका. गहिनीनाथ समदं इचारून आला. बोळात नवी फरशी, पिवळे दिवे, समद्यांच्या पाट्या एका रंगाच्या. बाहेरगावची लोकं जुनी पेठ बघाया येनार म्हनं. यादीत ज्याचं नाव हाय त्याला बसल्या जागी नंबर मिळनार. ज्याचं न्हाई, त्यानं सोमवारच्या आत उठायचं. पन आज पाच वाजंस्तवर हरकत घेत्यात. ती सर्वेवाली पोरगी कागद घिऊन बोळाबोळांतनं फिरतीया. तवा तुमी आधीच दोन वळी लिवून ठेवा. तुमचं अक्षर बघून मानूस दबतो.

इंदू: लिहिते. पण लिहू काय?

विमलबाई: खरं हाय ते. विमल बन्सी साळवे हितं बसती, पिशव्या शिवती, चेन बदलती, पोरांची दप्तरं नीट करती. त्याआदी नवरा बसायचा, स्टो दुरुस्त करायचा. धर्माधिकारी साहेबांनी सवता जागा दिली हुती. समदा बोळ सांगंल.

इंदू: बोळात सांगायला उरलंय कोण? जुनी घरं तिकडं सावेडीच्या नव्या वस्तीत गेली. दुकानदार सकाळी शटर उघडतात, संध्याकाळी ओढून आपापल्या घरी पळतात. दिवेलागणीनंतर या बोळात माणूस म्हणून मी एकटी असते. आणि माझं म्हणणं त्यांच्याकडे आधीच लिहिलेलं आहे. ओटा रिकामा आहे, कोणी बसत नाही. खाली माझी सही.

विमलबाई: ते तुमी माझ्यासाठी सांगितलं हुतं.

इंदू: हो.

विमलबाई: मंग तसंच सांगायचं. भ्यालो, म्हनून बोललो. मारत्यात का काय?

इंदू: खोटी माहिती दिली म्हणून माझ्यावर काही केलं तर? या वयात कुठल्या कचेरीत हेलपाटे घालू मी?

विमलबाई: मी येती संगं. बाई, तुमी विसरला का त्या दिसाला? मार्च महिना. ती पोरं पिवळी जाकिटं घालून बोळाच्या तोंडाला दिसली आन मी मशीनला मिठीच मारली. शुभांगी पोटात हुती तवा आसंच जाकिटवाले आले हुते. माझी पयली मशीन ट्रकात टाकली. मी ट्रकामागं पळाले, सात महिन्यांचं पोट घिऊन. नेली ती नेलीच.

इंदू: माहीत आहे मला. म्हणूनच तुझा हात धरून आत ओढलं.

विमलबाई: त्येच म्हनती मी. मशीनवर तुमी तुमची चादर टाकली. मला म्हनलात, विमल, आत जा, थेट सैपाकघरात जा. आन माजघराचं दार लोटून घेतलं.

इंदू: ते कशाला आता?

विमलबाई: कशाला म्हंजे? एकतीस वर्सांत मी ओट्याच्या वर कवा आले हुते का? पानी मागितलं तर तुमी तांब्या उंबऱ्यावर आनून द्यायच्या. साहेब गेले तवासुदिक मी बाहेरनंच हात जोडले. त्या दिसाला मी तुमच्या सैपाकघरात पाटावर बसले. फळीवरच्या डब्यांवर तुमी चिठ्ठ्या लावल्यात. तूरडाळ, पोहे, साबुदाना. मी समद्या वाचून काढल्या. बाहेर काय चाललंय म्हनून कान दाराकडं हुता, आन एकीकडं मला बरं वाटत हुतं. घरी जाऊन शुभांगीला सांगितलं. ती म्हनली, आई, एवढं काय त्यात? मी म्हनलं, तुला न्हाई कळायचं.

इंदू: पुरे विमल.

विमलबाई: का? चांगलंच सांगती की. ज्या मानसानं मला एवढं जपलं, त्याला दोन वळी लिवायला कसलं भ्या? ... तुमचा फोन वाजतुय.

इंदू: वाजू दे. ... नको, केदार असेल. उचलला नाही तर दर मिनिटाला करत बसतो. हॅलो. हो रे, बोल. ... हो, जेवले. ... नाही, अजून कोणी आलं नाही. ... अरे, यादी लागली आहे, मी वाचली. ... नाही, तिचं नाव नाहीये त्यात. ... हो. हो. ... मी कशाला काही बोलू? ... नाही रे, कोणी नाहीये इथं. एकटीच आहे. ... बरं. ठेवते.

विमलबाई: मी हाय न्हवं हितं.

इंदू: तसं नव्हे. तो उगाच खोलात शिरतो, म्हणून म्हटलं.

विमलबाई: 'तिचं नाव न्हाई' म्हंजे माझंच ना? तुमच्या पोराला कशाला पायजे माझ्या नावाची खबर?

इंदू: काळजीनं विचारतो. ओळखतो ना तुला लहानपणापासून.

विमलबाई: त्याच्या दप्तराचे बंद मी किती येळा शिवले! पन चार वर्सांत जवा जवा आला तवा माझ्याकडं बघून साधं हसला बी न्हाई. ... बाई, ती बघा. आली. पिवळं जाकीट. तीच का?

इंदू: तीच आहे. विमल, तू जरा गहिनीनाथच्या दुकानात जाऊन बस.

विमलबाई: आता कशाला लपायचं? आता दिसायला पायजे मी.

इंदू: मी बोलते तिच्याशी. तू जा ना.

विमलबाई: न्हाई जायची.

देवश्री: नमस्कार आजी. ओळखलंत का? मी देवश्री. मार्चमध्ये आले होते सर्वेक्षणाला. उन्हात चक्कर आल्यासारखं झालं, तेव्हा तुम्ही कोकम सरबत दिलं होतंत.

इंदू: हो हो. ये. चहा टाकते. आतच ये.

देवश्री: नको, खरंच वेळ नाहीये. पाचला हरकती बंद होतात आणि अजून दोन बोळ राहिलेत. तुमची काही हरकत आहे का, एवढंच विचारायचं होतं.

इंदू: नाही, आमची काही –

विमलबाई: माझी हाय! ताई, माझी हाय हरकत. विमल बन्सी साळवे. ह्या ओट्यावर मी बसती. यादीत माजं नाव न्हाई.

देवश्री: या ओट्यावर? थांबा हं मावशी, बघते. टॅब जरा हळू चालतोय. ... तांबट बोळ, घर क्रमांक अकरा. मालक इंदुमती माधव धर्माधिकारी. ओट्याचा वापर: रिकामा.

विमलबाई: ते चुकून झालं. तुमी आला तवा आमाला वाटलं, अतिक्रमनवाले आले. बाईंनी मला घरात लपवलं आन तुमाला सांगितलं, कोन बसत न्हाई म्हनून. माझ्यासाठी सांगितलं. त्यांचा काय दोस न्हाई. माझी मशीन वाचावी म्हनून त्या बोलल्या. तवा त्यांना काय दंडबिंड करू नका.

देवश्री: अतिक्रमणवाले? पण आजी, मी तर तुम्हाला –

इंदू: देवश्री, तू बस ना आधी. किती उभी राहशील?

देवश्री: नाही, मला नीट आठवतंय. तुम्ही पहिल्यांदा 'कोणी नाही' म्हणालात. मग मी समजावून सांगितलं की आम्ही कुणाला उठवायला आलो नाही, उलट जे बसतात त्यांची नोंद घेतोय, म्हणजे पुढं त्यांना कुणी उठवणार नाही. इथं लिहिलंय बघा. 'मालकांना उद्देश समजावून सांगितला.' आणि चादरीखाली मशीन दिसत होतं, म्हणून मी पुन्हा विचारलं होतं.

विमलबाई: पुन्ना इचारलं?

देवश्री: हो. मी म्हटलं, आजी, कोणी बसत असेल तर आत्ताच सांगा, त्यांच्याच फायद्याचं आहे, नंतर नाव घालणं अवघड जातं. आजी म्हणाल्या, मशीन माझंच आहे, जुनं झालंय, माळ्यावर टाकायचंय.

विमलबाई: माळ्यावर.

देवश्री: ... मी काही चुकीचं बोलले का?

विमलबाई: न्हाई ताई. तुमी न्हाई.

इंदू: विमल.

विमलबाई: मी आत बसले हुते. दार लोटलेलं हुतं, तुमचा आवाज यायचा पन शबूद कळत नव्हता. मला वाटलं, बाई माझ्यासाठी भांडतायत. मी हात जोडून बसले हुते, देवापुढं बसावं तशी.

इंदू: विमल, माझं ऐक.

विमलबाई: मी डबे वाचत हुते आन तुमी मला माळ्यावर टाकत हुत्या.

देवश्री: मी नंतर येऊ का? म्हणजे, पाचच्या आत, पण –

विमलबाई: थांबा ताई. तुमी गेला तर त्या मला आनि कायतरी सांगतील. तुमी हिथंच थांबा.

इंदू: नाही सांगणार. आता काही नाही सांगायचं मला. घराला गिऱ्हाईक आलं होतं, फेब्रुवारीत. तू हळदीकुंकवाला मुलीकडं गेली होतीस त्या दिवशी. केदार घेऊन आला होता. त्या माणसानं घर बघितलं, भिंती बघितल्या, आणि जाताना म्हणाला, ओट्यावर मशीन कुणाचं? बाई उठेल ना?

विमलबाई: आन तुमी काय म्हनलात?

इंदू: मी काहीच नाही. केदार म्हणाला, उठेल. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, आई, सर्वेवाले येणार आहेत. एकदा का तिची सरकारी नोंद झाली की ती उठत नाही. ती उठली नाही की घर विकलं जात नाही. आणि घर विकल्याशिवाय तुला पुण्याला नेता येणार नाही.

विमलबाई: तुमाला कुठं जायचं हुतं पुन्याला? तुमीच म्हनायच्या, तिथं मला खिडकीतनं मानूस दिसत न्हाई.

इंदू: जायचं नाहीये. पण इथं राहायची भीती वाटते. तुला नाही कळत, तू सहा वाजता मशीनला कुलूप लावून घरी जातेस. त्यानंतर मी कड्या लावते. तीन कड्या. मग पुन्हा उठून बघते, लागल्या का. बोळात कुणी मोठ्यानं हसलं तरी दिवा मालवते. पलीकडच्या आप्पासाहेबांच्या घरात आता पोत्यांचं गोदाम आहे, वर उंदीर धावतात, तर मला वाटतं माणसं चालतायत. मागच्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरला, दोन तास तिथंच पडून होते. सकाळी तुझ्या मशीनचा आवाज आला तेव्हा हाक मारली.

विमलबाई: ठावं हाय. मीच उचललं तुमाला. त्या दिसाला खिडकीतनं हात घालून तिन्ही कड्या काढल्या मी.

इंदू: हो. आणि तरी मी सांगितलं, मशीन माळ्यावर टाकायचंय. का, तर केदार म्हणाला, नेता येणार नाही. 'नेणार नाही' असं तो म्हणाला नाही गं. पण मला तसंच ऐकू आलं. उद्या हातपाय थकले, आणि तो रागावलेला असला, तर माझं कोण? माणूस म्हातारपणी कुत्र्यासारखं भित्रं होतं विमल.

विमलबाई: मंग तसं मला सांगायचं. विमल, मला भ्या वाटतंय, तू ऊठ. मी भांडले असते. शिव्या दिल्या असत्या. उठले असते का न्हाई, ते बी ठावं न्हाई. पन सैपाकघरात कशाला बसवलं?

इंदू: ते खरं होतं.

विमलबाई: काय खरं हुतं?

इंदू: तुला आत नेलं तेव्हा मला फक्त तुझं मशीन दिसत होतं, आणि तो ट्रक. शपथेवर सांगते. दार लोटून बाहेर आले तोपर्यंत ते खरं होतं. मग ही मुलगी बोलायला लागली, नोंद म्हणाली, फायदा म्हणाली, आणि माझ्या तोंडून पहिलंच वाक्य पुन्हा निघालं. तेव्हा ते खोटं झालं. मधे किती वेळ गेला? दोन मिनिटं.

विमलबाई: त्याला सा महिने झाले बाई. सा महिने तुमी रोज दुपारी मला चहा दिला.

इंदू: दिला.

विमलबाई: तुमच्याच कपात.

इंदू: हो, कपात.

विमलबाई: मागल्या साली दंगलीत पेठेत दगड आले तवा समद्यांनी शटरं वढली. तुमी आतनं म्हनत हुत्या, विमल पळ, विमल पळ. मी पळाले का? तुमच्या दाराला बाहेरनं कुलूप घातलं, म्हंजे लोकांना वाटावं घरात कोन न्हाई. आन मी पायरीवर बसले, मशीनच्या आड. एक पोरगं हातात वीट घिऊन हितवर आलं. मला म्हनलं, मावशे, घरात कोन हाय? मी म्हनलं, रिकामं हाय. ... मी बी 'रिकामं' म्हनले हुते बाई. तुमच्यासाठी.

देवश्री: मावशी, साडेचार वाजून गेले. मला वाईट वाटतंय, पण हरकत घ्यायची असेल तर आत्ताच घ्यायला हवी. नंतर माझ्या हातात काही राहत नाही.

विमलबाई: घ्या की. माझा अंगठा घ्या, सही घ्या. सही येती मला.

देवश्री: तुमच्या एकटीच्या सहीनं होणार नाही. मालकांनी लिहून दिलेलं आहे ना. आता त्यांनीच सांगायला हवं की आधीचं म्हणणं चुकीचं होतं. इथं, कागदावर, स्वतःच्या हातानं.

इंदू: आणि खोटं सांगितलं म्हणून माझं काय होईल?

देवश्री: मला माहीत नाही आजी. खरंच माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित साहेब बोलावतील. मलासुद्धा विचारतील, तेव्हा नीट का नाही पाहिलंस म्हणून. मी तीन-तीन महिन्यांच्या करारावर आहे, मलाही धाकधूक आहेच.

विमलबाई: ऐका! चालू झाला. जेसीबी चालू झाला! ताई, सोमवारी म्हनले हुते ना? आज न्हाई ना? मशीन आत घ्या, बाई, मशीन... न्हाई. न्हाई, आत नगं.

देवश्री: मावशी, घाबरू नका. वाटेतून बाजूला घेत असेल, चौकात टेम्पो अडकलाय. बघा, मागं जातोय. मावशी, बसा.

इंदू: दे तो कागद.

देवश्री: आजी?

इंदू: कागद दे, आणि खाली धरायला तुझी ती फाईल दे. मी उंबऱ्यात बसून लिहिते. अक्षर कसं येईल ते येईल. 'मी, इंदुमती माधव धर्माधिकारी, वय चौऱ्याहत्तर, राहणार तांबट बोळ, नगर...'

देवश्री: अहिल्यानगर लिहा आजी. आता कागदावर तसंच घेतात.

इंदू: अहिल्यानगर. बरं. 'माझ्या घराच्या ओट्यावर श्रीमती विमल बन्सी साळवे या गेली एकतीस वर्षे शिवणकाम करतात. माझ्या पतींनी त्यांच्या कुटुंबास ही जागा वापरण्यास दिली होती. मार्चमधील सर्वेक्षणाच्या वेळी मी ओटा रिकामा असल्याचे सांगितले, ते खोटे होते.'

देवश्री: 'चुकीचे' लिहिलं तरी चालेल.

इंदू: चुकीचं नव्हतं ते, खोटं होतं. पुढं?

देवश्री: पुढं कारण लिहावं लागतं. माहिती तशी का दिली.

इंदू: 'भीतीपोटी.'

देवश्री: कुणाच्या भीतीपोटी, असं विचारतील.

विमलबाई: जाकिटवाल्यांच्या लिवा. समदे तसंच लिवत आसतील. पटंल त्यांना.

इंदू: 'माझ्या मुलाच्या.'

विमलबाई: त्ये नका लिवू बाई! पोराचं नाव सरकारी कागदावर कशाला? उद्या त्याला कळलं तर?

इंदू: कळेलच.

विमलबाई: माझ्यापायी तोडू नका त्याला. मी तुमच्यावर चिडले म्हनून लिवता का? मी चिडनारच. त्याला काय विलाज न्हाई. पन ते खोडा.

इंदू: फोन वाजतोय ना माझा? तोच असेल.

विमलबाई: तोच हाय. घ्या. घ्या न्हाईतर आनि घाबरंल.

इंदू: लिहून होऊ दे. आत्ता त्याचा आवाज ऐकला तर मी हे फाडून टाकीन, मला माहीत आहे. देवश्री, तारीख काय आज? ... आणि सही इथं? ही घे. घेऊन टाक लवकर, माझ्यासमोर ठेवू नकोस.

देवश्री: घेतली. पावणेपाच. चौकात मंडप टाकलाय, तिथं साहेब बसलेत. धावत जाऊन देते. मावशी, उद्या यादीत तुमचं नाव लागेल. लागायला हवं.

विमलबाई: लागायला हवं, का लागंल?

देवश्री: मालकांनी स्वतः दिलंय म्हणजे लागेल. पण त्याबरोबर तुमची माहिती जोडायला लागते, ती पटकन भरून घेते. नाव झालं. काम, शिवणकाम. किती वर्षं, एकतीस. घरात कोण?

विमलबाई: मी आन शुभांगी. ती दवाखान्यात कामाला हाय.

इंदू: विमल, तोवर आत येऊन बस ना. घोटभर पाणी पी. चेहरा बघ कसा झालाय.

विमलबाई: नगं बाई.

इंदू: माजघरात नाही, अगदी आत. ये ना. मी चहा टाकते.

विमलबाई: हितंच बरी हाय मी. तुमी तुमचा फोन घ्या आदी. पोरगा काळजीत आसंल.

देवश्री: एकच प्रश्न राहिला मावशी, हा सगळ्यांनाच विचारतो आम्ही. गेल्या काही वर्षांत या पेठेत तुम्हाला काय बदललं असं वाटतं? काहीही सांगा. फरशी, गर्दी, दुकानं, काहीही.

विमलबाई: काय बदललं?

देवश्री: तुमच्या शब्दांत. मी जसंच्या तसं लिहिते.

विमलबाई: मंग लिवा. आदी भ्या वाटलं तवा मी ह्या दारातनं आत पळाले.

देवश्री: '...आत पळाले.' हं. आणि आता?

विमलबाई: आता काय बी आलं तरी मी ओट्यावरच बसंन.